एकवीस दिवसांचा रसाहार

३ मार्च, पहाटे ५
सर्वांच्या मुखी घास घालणाऱ्या दयाघना, तुझ्या कृपेवाचून लेखणीही उचलवत नाही, तर हा देह कुठून उचलावा? विषय देहाचाच आहे. वजन ९८ किलो. काल वाचनमंडळातले आम्ही चौघे वृद्ध लिफ्टमध्ये शिरलो आणि ओव्हरलोडची घंटा वाजू लागली. पाटीवर सहा माणसे लिहिली आहेत. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पोटाकडे पाहिले. पोस्टमास्तर हल्ली केवळ अंडी खातात, वकीलसाहेब दुपारनंतर काहीच खात नाहीत. उतरायला मात्र दोघेही तयार नव्हते. मीच उतरलो.

डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे, की साखर आवरली नाही तर डोळे जातील. पन्नास वर्षे ज्या डोळ्यांनी ग्रंथ वाचले, ते.

संकल्प: मोबाइलवरील आहारगुरूंचा एकवीस दिवसांचा कोर्स. अन्न वर्ज्य. रोज सहा ग्लास फळांचा रस. रस हे अन्न नव्हेच, असे माझे साधार मत आहे.

४ मार्च
द्राक्षे, संत्री, कलिंगड. अमृत! ही म्हणाली, की डॉक्टरांनी भाजी, डाळ आणि चालणं सांगितलंय. त्याला गुरू लागत नाही म्हणूनच तुम्हाला ते पटत नसावं. दुर्लक्ष केले.

७ मार्च
९६! तहान फार. गुरू सांगतात, की विष बाहेर पडू लागले की तहान लागते. रात्री सहा वेळा उठलो. म्हणजे विष पुष्कळ होते.
साखर तपासण्याचे यंत्र कपाटात मागे सारले. भीतीने नव्हे; संकल्पात शंका मिसळू नये म्हणून.

९ मार्च
दोन बिस्किटे रसात बुडवून घेतली. बुडाल्यावर ती द्रवच होतात. (चार.)

११ मार्च
९४! मंडळात मिताहारावर प्रवचन दिले. मध्येच अक्षरे मुंग्यांसारखी पांगली. हल्ली मुद्रण फार वाईट करतात. पाठ होते, म्हणून निभावले. पोस्टमास्तरांनी कानाशी येऊन सांगितले, की सर, तुमच्यापुढे तासभर अनुक्रमणिका उघडी होती.

१२ मार्च, दुपार
चष्मेवाला म्हणाला, की काचेत दोष नाही, आजोबा, साखर बघून घ्या. त्याने काचेपुरते बोलावे, असे सुनावले आणि घरी आलो. दार लावले. यंत्र काढले. बोट पुढे केले. यंत्र परत ठेवले. देवापुढे हात जोडून म्हटले, की चव ने, झोप ने, अक्षरे तेवढी राहू दे. मग धीर यावा म्हणून एक ग्लास द्राक्षरस घेतला.

१४ मार्च
हे अक्षर हिचे आहे. मी सांगतो, ही लिहिते. काल सकाळी न्हाणीघराच्या दारात कोसळलो. साखर ४८०. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की सर, तुम्ही दहा दिवस साखरच प्यालात. वजन उतरलं ते साखरेने शरीर पोखरल्यामुळे. डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत. लेसर करावे लागेल. किती दिसेल, ते पुढे कळेल. मी विचारले, की रस सोडून नुसते ताक घेतले तर? त्यांनी उत्तर हिला दिले.

कोरे पान शोधताना ही मागच्याच पानांवर थांबली. काय वाचतेस, विचारले. तुमची भीती, म्हणाली. मला सांगितली असतीत तर काय बिघडलं असतं? ताटात उकडलेला भोपळा, डाळ, एक पोळी. चाचपडत जेवलो. बरे लागले, हे लिहू नको म्हटले, हिने लिहिले.

मग ग्रंथ वाचून दाखव म्हणून विनवले. जोडाक्षरांशी ही अडखळते. पहिल्या ओळीत तीन चुका काढल्या. दुसरीत एक. पुढे काढल्या नाहीत. नुसते ऐकत राहिलो.

जो कोणी कुठे काही वाचत बसला असेल, त्याचे डोळे परमेश्वर राखो.