ताई, आता मुक्कामाले ये

सौसर, मंगळवार

विजयाताई,

आज मी चांगली ठसकून खोकलली अन् लुगडं कोरडंच राहिलं वं!

सून तृप्तीले सातवा महिना लागला. तिच्या तपासणीले सोबत गेली, तर डॉक्टरीणबाई मलेच म्हणते, "काकू, तुम्ही अशा अवघडून काहून बसल्या?" मी सुनेसमोरच सांगून टाकलं: अमितच्या बाळंतपणापासून अंग बाहेर येते, खोकललं की लघवी होते. तिनं तपासलं अन् अंग वर धरून ठेवणारी मऊ रिंग आत बसवली. दहा मिनिटं! अन् मी तीस वर्षं बाईचा भोग समजून सोसत राहिली.

मले एकदम तू आठवली. तू माह्या घरी कधी रात्र काढत नाही, लग्नातही दारापाशीच बसते. मी फुगून राहिली, ताईले माह्यं घर आवडत नाही म्हणून. पण तुह्याकडे साडीखाली लपवून वाळत घातलेले फडके मी पाहिले होते. पाहून गप्प बसली.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुले पत्रं भाऊजीच वाचून दाखवतात. उद्या पहिल्या बसनं मीच हे घेऊन पांढुर्ण्याले येऊन राहिली, तुह्या कानात वाचून दाखवीन. रिंग का ऑपरेशन, ते डॉक्टरीण पाहीन. तू भाऊजीले एवढंच सांगजो, मीनाकडे मुक्कामाले चालली.

तुही,
मीना