त्या बाजूचं पाणी

वेसावे, १४ जून

चि. विनिता हीस जयावहिनीचे अनेक आशीर्वाद.

काल निकाल लागला. चंदरला दर महिन्याला पोटगी मीच द्यायची. मानसी वकीलबाईंनी स्वतः निकाल वाचून सांगितलं. फोनवर तुझ्या भावाचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, म्हणून लिहिते. रुक्मिणी सुकट घेऊन मानखुर्दला येतेय, तिच्या हाती देते.

मला वाटायचं, घटस्फोटानंतर पोटगी बाईलाच मिळते. वकीलबाई म्हणाल्या, आपल्या कायद्यात तसं नाही; ज्याला कमावता येत नाही त्याने मागावी, बाई असो की पुरुष. पाण्यात पाय घातला की चंदरला थरथर सुटते, असा डॉक्टरचा कागद त्याच्याकडे आहे. माझी अंधेरीच्या बाजारात मासळीची दोन टेबलं. कोर्टाने एवढंच बघितलं. बाजारात हसतात. रुक्मिणीने विचारलं, आता चंदर तुला हळदीकुंकवाला बोलावणार का?

चूक कोणाची, हे कोर्टाने नाही मोजलं, मी मोजते. वाऱ्याचा इशारा असताना माझ्या मितेशला बोटीवर घेऊन गेला आणि त्याच्याशिवाय परत आला. पोराचं काहीच हाती लागलं नाही. त्याला मी पोसायचं?

जेवतो तुझ्या घरी. मग खटला चालू असताना दिलेले पैसे गेले कुठे? पीत असेल तर तसं लिही. मी अपील करणार आहे.

माझ्यावर राग असू दे, लोभही असू दे.
जया

मानखुर्द, १९ जून

ती. जयावहिनीस विनिताचा सा. न. वि. वि.

‘सौ.’ लिहायला हात गेला आणि थांबला. ते कोर्टाने काढलं. वहिनी मात्र मी ठेवलीय. सुकट पोचली. घरची म्हणून वाळू जास्त घातलीस वाटतं.

दादा पीत नाही. प्यायला असता तर निदान झोपला असता. ओट्यावर बसून जाळं सांधत असतो. जेवताना शेजारी एक ताट मांडायला लावतो. माझी मुलं त्या बाजूला बसत नाहीत.

पैसे तुमच्या वेसाव्याच्या बोटवाल्या दादूला जातात, डिझेलला. दर महिन्याला दादूची बोट मितेश गेला ती जागा गाठून जाळं ओढते. तुला सांगायचं नाही, अशी दादाने त्याला शपथ घातलीय.

आणखी एक. हे तो कोर्टात बोलला नाही, मलाही आत्ता सांगितलं. मितेशचा पाय दोरात अडकला आणि जाळ्याबरोबर तो पाण्यात गेला. दोर बोटीलाही ओढत होता, बोटीवर आणखी दोन खलाशी. मितेशच ओरडला, “बा, दोर सोड!”

दादाने सोडला.

ती हाक त्याला अजून येते, भर दुपारी, भाजीवाल्याच्या आवाजातसुद्धा. मग हातात असेल ते तो सोडून देतो. आमच्याकडे आता सगळे कप स्टीलचे आहेत.

अपील करायचं तर कर. मी साक्षीला येणार नाही. पूर्वी होता तेवढा लोभ ठेव.
विनिता

वेसावे, २ जुलै

चि. विनिता हीस आशीर्वाद.

पत्र टेबलावर वाचायला घेतलं आणि अर्ध्यात घडी घातली. म्हणून उत्तराला उशीर.

अपील नको, असं वकीलबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, पुढे तो कमवायला लागला किंवा त्याने दुसरं लग्न केलं, तर पोटगी बदलून किंवा बंद करून मागता येईल. मी म्हटलं, त्याच्याशी कोण करतंय लग्न.

मी माफ केलं, असं त्याला सांगू नकोस. केलेलं नाही. पण तुला एक सांगते. दोन वर्षं मी दादूची मासळी घेत नाही. बाजाराला वाटतं, दरावरून भांडण आहे. दादू त्या बाजूला जाळं टाकतो एवढं कानावर होतं. का टाकतो, ते नव्हतं. त्या पाण्यातला मासा मला चिरवत नाही. पोटाला सुरी लावली की वाटतं, आत काय निघेल.

पावसाळ्याची मासेमारीबंदी उठली की नारळ वाहून बोटी सुटतील. दादूची पहिली फेरी त्याच जागी. पैसे आदल्या दिवशी पोचतील. चंदरला म्हणावं, धक्क्यावर ये. पाण्यात उतरायला नको. दादूला मी सांगून ठेवलंय, जाळ्यात येईल ते आधी माझ्याकडे आण.

या वेळी मीच चिरेन.

लोभ तुटलेला नाही.
जया