बाळंतपणाला माहेरी

३ ऑक्टोबर १९७९
आलो बुवा एकदाचे. लकडगंजच्या लाकूड कापायच्या आरामशीनच्या भुशातून सुटलो. खात्याने मला धरणावर पाण्याची पातळी लिहायला नेमलंय. मागे रामटेककडचे डोंगर, समोर नुसतं पाणी. बुडालेल्या टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिलेत, त्यांची बेटं झालीत. प्रत्येक बेटावर एक आकड्यांची पट्टी. आठ-दहा दिवस डोंग्यातून हिंडायचं, आकडे टिपायचे, बेटावर तंबू ठोकायचा. वल्हवायला बळीराम ढिवर. जयाला सातवा महिना, पण ऐकेल तर शपथ. म्हणाली, घरी बसून भिंती पाहू का? लग्नानंतरचं आमचं पहिलं फिरणं सरकारी डोंग्यातून होतंय.

५ ऑक्टोबर
जयाने झुणका केला, बळीरामने मासे भाजले. कालव्याला पाणी सोडलं की दोन बेटांमधल्या खिंडीत अशी ओढ लागते की डोंगा गरगरतो. जया हसत होती, मी काठ धरून बसलो होतो.
खिंडीपलीकडे बळीरामने वल्हं थांबवलं. खाली जयाचं गाव. तीन वर्षांपूर्वी पाणी चढलं तेव्हा सगळे उठले, तिची आई पार्वतीबाई उठली नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण याच घरात करीन, म्हणत उंबऱ्यात बसून राहिली. प्रेतही मिळालं नाही. जया फार रडली. म्हणाली, सगळ्याइच्या आया न्याले येतात, मले कोन नेईन? मला राहवलं नाही. पाण्यात हळदकुंकू आणि सुपारी सोडली, म्हणालो, सासूबाई, लेकीला घेऊन जा. जया डोळे पुसून हसली. बळीरामने मात्र पाण्याला हात जोडले. मग हळूच म्हणाला, आवतन काहून देल्लं, साहेब?

८ ऑक्टोबर
दुपारी जयाच्या पदरात तांदूळ दिसले. ओले, चिखलाचा वास येणारे. आमचे तांदूळ तर परवाच संपले. म्हणते, आई ओटी भरून गेली. बळीराम म्हणाला, परत फिरू. मी त्याच्यावर खेकसलो. भ्यालो होतो मीच.

११ ऑक्टोबर
परत निघालो. वाटेत ती खिंड लागणारच. जया न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून बसलीय. गाठोडं बांधलंय. आई न्याले येऊन राहिली, म्हणते. मी म्हणालो, मी पाठवणार नाही. म्हणाली, तुमीच तं बोलावलं.

१२ ऑक्टोबर
कालवा बंद होता, तरी ओढ लागली— उलटी. डोंगा गावावर येऊन थांबला. जया उठली. मी तिचा हात धरला होता. पाण्यातून दुसरा हात आला, म्हातारा, मनगटावर गोंदलेला. त्याने ओढलं नाही. लेक उतरताना आई धरते तसं नुसतं धरलं. मी हात सोडला. जबाबात घसरली लिहिलंय. घसरली नाही. मी सोडला.

२० नोव्हेंबर
पाणबुडे आले, गेले. काही नाही. बदलीचा अर्ज फाडला. जया इथे आहे.

४ डिसेंबर
पट्टी वाचत होतो. पाण्याखालून रडणं— तान्हं. बळीरामनेही ऐकलं. वल्हं ठेवून गेला तो.

१५ डिसेंबर
आज बारावा दिवस. सकाळी दारात ओले तांदूळ, त्यावर हळद. बारशाचं आवतन. रामटेकहून टोपडं आणलंय. बापाने जायलाच—

ओढ नाही. मी वल्हवत नाही. तरी डोंगा चाललाय.

खाली घर दिसतंय. उंबऱ्यात जया. कुशीत— मुलगी आहे. देवा, केवढी लहान.

नाव मी ठेवायचं, ठरलं होतं आमचं. वही डोंग्यातच ठेवतो. तिचं नाव—