नळाची जाळी, सासऱ्यांची कवळी

३ सप्टेंबर, मंगळवार

स्वयंपाकघरातला नळ पिसाळलाय. सरळ धार सोडायची सोडून एक फवारा डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधे दोऱ्याएवढं पाणी. सकाळी इस्त्रीचा शर्ट नेमका पोटावर भिजला. दुकानात मालकांनी एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. चष्म्याच्या दुकानात माणूस चकचकीत दिसला पाहिजे हे त्यांचं मत. माझंही तेच आहे.

ही गेल्यापासून घराची रयाच गेली. मेव्हणीचं ऑपरेशन, त्यामुळे ही तिकडे, बहिणीजवळ. इथे मी आणि सासरे, दोघंच. सासूबाई गेल्यावर ते एकटेच राहायचे, महिन्यापूर्वी आमच्याकडे आले. कायमचे की तात्पुरते, ते अजून ठरायचंय. जाताना ही म्हणाली, "मी येईपर्यंत बघ. जमत असेल तर बाबा इथेच राहतील. नाही तर मी एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय, चांगला आहे. तू सांगशील तसं. मी एका शब्दानं बोलणार नाही."

म्हणजे निकाल माझ्या हातात! आणि मला त्या माणसाची किळस येते. इथे लिहायला काय हरकत आहे — वाचतंय कोण.

४ सप्टेंबर

सासऱ्यांबद्दल धड तक्रारही करता येत नाही, हीच पंचाईत. निवृत्त भूगोलाचे मास्तर. गोड बोलतात. मला 'जावईबापू' म्हणतात, अहो-जाहो करतात, जेवताना "तुम्ही आधी घ्या" म्हणतात. पण नळाला तोंड लावून पाणी पितात! ग्लास शेजारी असतो, भरलेला असतो, तरी मान वाकडी करून नळाचं तोंड तोंडात घेतात आणि घटाघटा पितात. वर म्हणतात, "ग्लासातल्या पाण्याला चव नसते."

खाकरतात ते तर विचारूच नका. मी त्या वेळी डोळे मिटून घेतो. डोळे मिटून कान बंद होत नाहीत, पण तेवढाच आधार.

आणि ती कवळी. झोपताना काढतात आणि ग्लासात घालून खिडकीत ठेवतात. आमच्या सहाच्या सेटमधला ग्लास! सकाळी स्वतःच विसळून परत रांगेत लावतात, अगदी व्यवस्थित. त्यामुळे सहांतला कवळीचा कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी आता स्टीलच्या पेल्यातून पाणी पितो. उद्या कुणी पाहुणा आला तर काय करायचं?

६ सप्टेंबर, शुक्रवार

हिचा फोन. "कसं चाललंय? खरं सांग हं, उगाच मोठेपणा नको. नसेल जमत तर नसेल जमत." किती समजूतदार बायको! माझा स्वभाव ओळखून आहे. म्हटलं, चाललंय. बाबांना फोन देऊ का विचारलं, तर म्हणाली डॉक्टर आलेत, नंतर करते.

नळाचं सांगायचं राहिलं.

८ सप्टेंबर, रविवार

आज नळाचं ऑपरेशन केलं. शी! अजून हाताला वास येतोय. लिंबू चोळून झालं, साबण तीनदा झाला.

शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून कळलं की नळाच्या तोंडाला एक फिरकीची टोपी असते आणि तिच्या पोटात बारीक जाळी. ती तुंबली की नळ असा पिचकाऱ्या मारतो. पन्नाशी उलटली, रोज त्या नळाखाली हात धुतो, आणि मला पत्ता नाही!

आधी हातानं फिरवून पाहिली. बोट सर्रकन घसरलं — बाहेरूनच बुळबुळीत. मग पितळेला ओरखडा नको म्हणून फडकं गुंडाळलं, पक्कड लावली आणि जोर काढला. ढिम्म. सासरे स्टुलावर बसून बघत होते. "जावईबापू, तुम्ही घट्ट करताय." मी म्हटलं, नाही. पुन्हा जोर. दंडात गोळा आला. थोड्या वेळानं गुपचूप उलटीकडे फिरवून पाहिली, लगेच सुटली. ते छताकडे बघत बसले. हसत असावेत.

टोपी हातात आली आणि तिच्यातून जे तळहातावर ओघळलं ते लिहितानाही ओकारी येते. काळपट तपकिरी, शेंबडासारखं चिकट. फुलदाणीतलं आठवड्याचं पाणी ओततो तेव्हा येतो ना, तो वास. कागद पसरून एकेक भाग सुटा केला: आधी रबरी वॉशर, मग प्लॅस्टिकची भोकाभोकांची चकती, मग जाळी. परत लावताना घोटाळा नको म्हणून निघाले त्याच क्रमानं मांडले. मग खिशातलं दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं — ही माझी खोड, नसतं लावलं तर बरं झालं असतं. जाळीच्या एकेका घरात वाळू, गंज, पांढरे क्षार, आणि त्या सगळ्यावर ती बुळबुळ, मजेत नांदत असलेली.

मनात आलं, हे यांचंच! रोज नळ तोंडात घेतात, सगळं वर चढलं असणार. काकूंना ऐकवलंच, नाव न घेता. त्या म्हणाल्या, "अहो, ते टाकीतून येतं. आमच्याकडे याहून जास्त निघालं होतं." म्हणजे सासरे यायच्या आधीपासून, वर्षानुवर्षं, मी ग्लासातून, ऐटीत, हेच पीत होतो!

जेवलो नाही. जुन्या दातांच्या ब्रशनं भाग घासले (माझ्याच, हे नोंदवून ठेवतो). क्षार निघेनात. काकूंनी पांढरं व्हिनेगर दिलं, म्हणाल्या रात्रभर भिजू द्या. ग्लासात घालून खिडकीत ठेवलं.

९ सप्टेंबर

सकाळी चहाला बसलो. सासरे तोंड वाकडं करून म्हणाले, "आज दात आंबट लागतायत."

माझ्या लगेच लक्षात आलं. खिडकीकडे धावलो. एकच ग्लास, तोही रिकामा, स्वच्छ विसळलेला! आमचा सेट, आमची खिडकी. काल झोपताना त्यांना तिथे भरलेला ग्लास दिसला. वाटलं, जावयानं आपल्यासाठी पाणी भरून ठेवलंय. "मला फार बरं वाटलं हो," म्हणाले. कवळी त्यात सोडली. सकाळी काढली, तोंडात घातली, आणि उरलेलं सिंकमध्ये ओतून दिलं.

"आणि ही बघा, टाळूला टोचत होती." त्यांनी खिशातून जाळी काढून माझ्या हातावर ठेवली. कोमट होती.

टोपी आणि चकती सिंकमध्येच सापडल्या. वॉशर गेला. तसंच लावून बघितलं, तर टोपीभोवतीनं पाणी गळायला लागलं आणि बाही कोपरापर्यंत ओली. हार्डवेअरवाला म्हणाला, "जुना घेऊन या, मापाचा देतो." जुना गटारात गेला, हे त्याला कसं सांगायचं? त्यानं तीन दिले अंदाजानं, तीनही बसेनात.

दिवसभर नुसती ती कोमट जाळी आठवत होती. ठरलं. हिला सांगून टाकायचं — नाही जमत. कुणालाच जमणार नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

सिंकच्या खाली बाटलीसारखं एक भांडं असतं. वॉशर असलाच तर तिथे असणार. संध्याकाळी दुकानातून येऊन नाकाला रुमाल बांधला, खाली बादली ठेवली, भांडं फिरवून काढलं.

परवाची बुळबुळ म्हणजे अत्तर म्हणायचं! यात गोठलेलं तेल, भाताची शितं, चहाचा चोथा, केस — सगळं एकजीव होऊन राखाडी लगदा झालेला. वासानं डोळ्यांत पाणी आलं. हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मग उठून मागच्या दारात जाऊन उभा राहिलो, उलटी होईल असं वाटलं म्हणून.

परत येऊन बघतो तर सासरे फरशीवर मांडी घालून बसलेले, बाही वर सारलेली, हात मनगटापर्यंत त्या लगद्यात. डाळ निवडावी तसं चाचपत होते.

"अहो बाबा, तुम्ही कशाला? मी करतो ना."

"सांडला कुणी? मीच ना. मग मीच काढतो."

त्यांनी वर न बघता विचारलं, "किळस येते ना?"

हो म्हटलं.

"यायचीच. हिची आई पडून होती तेव्हा सगळं मीच केलं. भांडं द्यायचं, पुसायचं, कपडे बदलायचे. आधी आधी मला घास उतरायचा नाही. भूगोल शिकवणारा माणूस मी, मला काय ठाऊक! मग उतरायला लागला." मग म्हणाले, "किळस जात नाही हो, जावईबापू. भूक लागते, एवढंच."

तेवढ्यात वॉशर सापडला. बोटाला अंगठीसारखा अडकवून दाखवला. चेहरा असा, की वर्गात पहिला नंबर आलाय.

मी त्यांच्या हातावर पाणी घातलं. साबण लावून दिला. नखांत अडकलेलं होतं ते माझ्या ब्रशनं काढलं. पहिल्यांदाच त्यांचा हात हातात घेतला. कातडी अगदी पातळ, कागदासारखी. शहारा आला, खोटं का लिहू. पण हात सोडला नाही.

११ सप्टेंबर

जाळी, चकती, वॉशर. टोपी आधी हातानं घट्ट, मग फडकं लावून पाव फेरा. नळ सोडला — सरळ, पांढरी, मऊ धार! गळती नाही. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. मग त्यांनी मान वाकडी केली आणि नळ तोंडात घेतला.

डोळे मिटले मी.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज एका बाईंचा चष्मा साफ करत होतो. नाकावर टेकतात त्या दोन पॅडांखाली हिरवट मळ साचलेला. अशा रोज पाच-पंचवीस लोकांचा मळ मी टोकदार ब्रशनं काढतो आणि वर डबा उघडून चिवडाही खातो. कधी काही वाटलं नाही. परक्यांचं चालतं, आणि घरातल्या माणसाची जाळी कोमट लागली म्हणून त्याला घराबाहेर काढायला निघालो होतो मी!

दुपारी मालक जेवायला गेले तेव्हा एक उद्योग केला. सकाळी सासऱ्यांकडून कवळी मागून घेतली होती. ("एक दिवस पेज खाईन, काही बिघडत नाही.") चष्मे धुवायचं थरथरतं यंत्र आहे, त्यात सोडली. चहाचे डाग असे सुटले की पाणी तपकिरी. शेवटपर्यंत बघत राहिलो. मग यंत्र उकळत्या पाण्यानं धुतलं. मालकांना कळलं तर नोकरी जाईल.

संध्याकाळी कवळी घालून त्यांनी आरशात बघितलं. "लग्नाला उभा राहू का पुन्हा?"

ठरवलं. बाबांना कुठे पाठवायचं नाही. कवळीला वेगळा ग्लास आणायचा, लाल रंगाचा, आणि नळाचं रोज सोसायचं. हिला फोनवर नाही सांगत. समोर सांगेन, तिचा चेहरा बघायचाय मला. किती दिवस जीव टांगणीला लागला असेल बिचारीचा.

१४ सप्टेंबर

लाल मिळाला नाही. निळा आणला.

१५ सप्टेंबर, रविवार

ही दुपारी आली. बाबा आंघोळीला गेले होते. बॅगही खाली ठेवू दिली नाही, म्हटलं, "ऐक. बाबा इथेच राहतील. कायमचे."

तिचा चेहरा उतरला. बॅग हातात तशीच.

"मला वाटलं होतं, तू नाही म्हणशील," ती म्हणाली. मग अगदी हळू, बाथरूमच्या दाराकडे बघत — "तुझा स्वभाव माहीत होता, म्हणून तर तुझ्यावर सोडलं. मला नाही रे सहन होत. पण माझेच वडील, माझ्या तोंडून कसं काढू?"

आत पाणी पडत होतं. बाबा काहीतरी गुणगुणत होते.