बटाटीच्या पाण्यातली गोळी

६ जानेवारी

आलं एकदाचं घरात! गिनीपिग. मुंगीने वर्षभर डोकं खाल्लं होतं. लेक नऊ वर्षांची झाली, अंगाने अजून मुंगीच, पण हट्ट हत्तीचा. शेवटी तिच्या बाबाने हात टेकले. प्राणी तपकिरी, गोल, मानेचा पत्ताच नाही. नाव ठेवलं बटाटी.

दुकानदाराने सूचनांचा पाढा वाचला. पिंजरा ऐसपैस हवा, खाली जाळी नको, पाय सोलवटतात. लपायला एक खोका. वाळलेलं गवत सतत समोर हवं, कारण दात जन्मभर वाढतात, ते चावूनच झिजतात. उचलायचं दोन्ही हातांनी — एक छातीखाली, एक मागच्या पायांखाली. उन्हात ठेवायचं नाही. आणि रोज ताजी भाजी, ढोबळी मिरची तर हवीच. माणसासारखंच ह्यांच्या अंगात व्हिटॅमिन सी तयार होत नाही म्हणे. "एकटी नका नेऊ, जोडीने रमतात," हेही म्हणाला. मी म्हटलं, कळला तुमचा धंदा.

मुंगीने सगळं वहीत उतरवून घेतलं. मी कशाला लिहू? वीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली आहेत.

९ जानेवारी

फ्रिजचं दार वाजलं की बटाटी शिट्टी घालते. अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी! नवरा उगाचच दहादा फ्रिज उघडतो. त्याला म्हटलं, तिला वेड लावशील. म्हणाला, "ह्या घरात मला बघून खूश होणारं कोणीतरी आहे, असू दे."

२० जानेवारी

बटाटीचं पोट बिघडलं. पिंजरा बरबटलेला, गवत ओलं, वास घरभर. मी भाजी बंद करून टाकली. एकदम.

मुंगी म्हणाली, "पण दुकानवाले काका म्हणाले होते, रोज द्यायची." मी म्हटलं, काका प्राणी विकतात, मी औषधं विकते. संध्याकाळी येताना व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेऊन आले. रोज सकाळी एक तुकडा पाण्याच्या बाटलीत. ते काम मुंगीचं. तिला एवढी ऐट आली की विचारू नका. सकाळी भाजी धुवायचा, चिरायचा व्याप गेला. बरं झालं.

२ फेब्रुवारी

बाटलीतलं पाणी संपत नाही हल्ली. थंडी असेल.

१३ फेब्रुवारी

बटाटी कोपऱ्यात अंग फुगवून बसलीय. शिट्टी बंद. दोन पावलं टाकते ती लंगडत. मुंगीने उचललं तर किंचाळली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघितलं, आणली तेव्हापेक्षा शंभर ग्रॅम कमी. एवढ्याशा जिवाचं शंभर ग्रॅम म्हणजे काय उरलं?

मी मुंगीला विचारलं, गोळी रोज टाकतेस ना? ती पिंजऱ्यातलं गवत सारखं करायला लागली. पुन्हा विचारलं. "दोनदा विसरले. शाळेत स्पर्धा होत्या तेव्हा."

मग माझी जीभ सुटली. जीव पाळणं म्हणजे खेळ नाही. तुला झेपत नव्हतं तर मागायचं नव्हतं. तुझ्या हलगर्जीपणाने हे झालंय. ती रडलीसुद्धा नाही. पिंजऱ्याला कपाळ टेकून बसून राहिली. जेवली नाही.

१४ फेब्रुवारी

सकाळीच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. दवाखान्यात एकाच माणसाला आत घेतात. मुंगी बाहेर बाकावर, रिकामा खोका मांडीवर घेऊन.

डॉक्टर बाईंनी हिरड्या बघितल्या, सांधे चाचपले. खायला काय देता? मी सांगितलं. पाण्यात गोळी? म्हटलं, हो. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "पाण्यात आणि उजेडात त्यातलं सत्त्व काही तासांत जातं. वर चव बिघडते, म्हणून पाणीही कमी पितात." मी म्हटलं, मुलगी दोन दिवस गोळी टाकायला विसरली होती. त्या म्हणाल्या, "रोज टाकली असती तरी काही उपयोग नव्हता. भाजी बंद झाली, तिथेच घोटाळा झाला."

उजेडात ठेवू नका, ओल लागू देऊ नका — दिवसातून पन्नास गिऱ्हाइकांना मी हेच सांगते! त्यांनी सहज विचारलं, आपण काय करता? मी म्हटलं, नोकरी. कुठे ते सांगायची हिंमत झाली नाही.

बाहेर आले. मुंगी उभी राहिली. "मी विसरले म्हणूनच झालं ना?"

एक वाक्य. एवढंच लागत होतं. नाही बाळा, माझी चूक. आणि मी काय म्हणाले? "असू दे. पुढे लक्षात ठेव."

हे लिहितानाही मान वर होत नाही. समोर नुसता कागद आहे, तरीही.

१७ फेब्रुवारी

आता औषधाचे थेंब, बिनसुईच्या सिरिंजने थेट तोंडात, ओठांच्या कडेने. मुंगीने भिंतीवर तक्ता लावलाय — थेंब, गवत, मिरची, पाणी, वजन. शाळेला जायच्या आधी सगळ्यावर खुणा. थेंब भरले की सिरिंज मला दाखवते. "आई, एवढं बरोबर आहे? नक्की?"

आधी कधी विचारायची नाही. वही उघडून मलाच शिकवायची.

२१ फेब्रुवारी

बटाटीने मिरची खाल्ली. शिट्टीही घातली, बारीकशी. आम्ही दोघं हसलो. मुंगी नाही. म्हटलं, घे की मांडीवर. म्हणाली, "नको, मी लांबूनच बघते. माझ्या हातून काहीतरी होईल."

ती झोपल्यावर नवऱ्याला खरं सांगितलं. त्याने आधी ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला काय सांगतेस? तिला सांग." म्हटलं, सांगते. "कधी?" परीक्षा होऊ दे तिची. आपली सबब किती लंगडी आहे ते आपल्याला आधी कळतं.

खरं कारण लिहून ठेवते. आईला औषधातलं सगळं कळतं, असं ती वर्गात सांगत फिरते. ते मला गमवायचं नव्हतं. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर पाप ठेवून मी माझी अक्कल वाचवली.

२४ फेब्रुवारी

एक आजोबा दुकानात म्हणाले, "तुम्ही सांगितलं म्हणजे बघायला नको." मी आत जाऊन गोळ्यांची खोकी उगाच रचत बसले.

२७ फेब्रुवारी

आज सांगायचंच, असं ठरवून अर्धा दिवस सुट्टी घेतली. घरी आले तर पिंजरा नाही. गवताची पिशवी नाही. भिंतीवरचा तक्ता काढलेला.

मुंगी अभ्यासाला बसलेली. "मैत्रिणीकडे दिली. तिच्याकडे एक आहे, तिला जोडी होईल. बाबाला विचारलं होतं." नवरा म्हणाला, "ती म्हणाली, आईला चालेल. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल." झालंच नव्हतं.

तेवढ्यात मैत्रिणीच्या आईचा फोन. बटाटी मजेत आहे, दोघी एकमेकींना हुंगताहेत. मग म्हणाल्या, तुमच्या मुलीने काय छान कागद लिहून दिलाय, थांबा, वाचून दाखवते. "गवत सतत हवं. भाजी रोज. थेंब सकाळी, तोंडाच्या कडेने. उचलताना मागच्या पायांखाली हात. दर रविवारी वजन. आणि काहीही विसरायचं नाही. मी दोनदा विसरले, म्हणून ती मरणार होती."

"किती प्रामाणिक आहे हो," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हो.

२८ फेब्रुवारी

सांगितलं. भाजी मी बंद केली, गोळीचा उपयोग शून्य होता, तू रोज टाकली असतीस तरी ती आजारी पडलीच असती, डॉक्टर मला त्याच दिवशी म्हणाल्या होत्या. सगळं, एका दमात.

मुंगीने नीट ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस ना? औषधातलं तुझं कधी चुकतं का, आई?"