गोडाचं वावडं

सणसर, ता. ४ जानेवारी

चि. सौ. करुणास अ. आ. व जयभीम, वि. वि.
फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही दोघं नोकरीपायी बारामतीला, नात माझ्यापाशी. संस्कृती गुणाची आहे, पण उसाच्या गावात जन्मून पोरीला गोडाचं वावडं! पिठलं-भाकरी मिटक्या मारत खाते, गूळ दिसला की तोंड फिरवते. मीही नावाची भागुबाई आहे, काकवीत भाकरी कुस्करून भरवतेच. मग ओकते, घामाघूम होते. साखरपाणी पाजलं तर आणखीच मलूल पडते. काल डोळे पांढरे केले. मला भीती वाटते. रविवारी येऊन दवाखान्यात न्या.
तुझी सासू, भागुबाई

बारामती, ता. २७ फेब्रुवारी

ति. आईंना सविनय जयभीम, वि. वि.
निदान झालं. लिव्हर सुजलंय हे सगळ्यांना दिसत होतं, कारण सापडत नव्हतं. शेवटी तुमचं पत्रच डॉक्टरीणबाईंना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि रक्त पुण्याला जनुकीय तपासणीला पाठवलं. साखर-गूळ-फळांतलं गोड पचवायची ताकद तिच्या लिव्हरात जन्मापासून नाही. हजारोंत एखाद्यालाच असं असतं. पथ्य हाच उपचार, तोही जन्मभराचा. आता ती माझ्याजवळच राहील. दिवसातून दहादा आजी कुठं म्हणून विचारते.
आपली, करुणा

सणसर, ता. ९ मार्च

चि. सौ. करुणास अ. आ.
पोर नगं नगं म्हणत होती आणि मी तोंड धरून भरवत होते. तिला कळलं ते मला साठीत कळलं नाही. अविराज आईला न्यायला म्हणून दोनदा आला, मी गेले नाही. माझ्या हातांचा मलाच भरवसा नाही. तिचं झबलं अजून धुतलं नाही. आठवण फार येते गं.
भागुबाई

बारामती, ता. १७ मार्च

ति. आईंना सविनय जयभीम.
खोटं कशाला लिहू, मीही मनात तुम्हाला बोल लावला. पण तिला इथं आणल्यावर अशक्तपणाचं गोड औषध मीच दोन वेळा पाजत होते. तुम्ही लिहिलं नसतं तर पोर हातची गेली असती. आता खेळते, वजनही वाढलंय. तुमच्यासाठी रुसते. या. येताना खाऊ मात्र आणू नका.
करुणा

सणसर, ता. २४ मार्च

चि. सौ. करुणास अ. आ.
गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघते. पिशवी तीनदा भरली, तीनदा रिकामी केली. आजवर कुठल्याच लेकराच्या दारी मी रिकाम्या हातानं गेले नाही. ती पळत येऊन पिशवीत हात घालील, तेव्हा तू माझ्याजवळ उभी राहा.
लोभ आहेच, तो माझ्या चुकीसकट ठेव.
भागुबाई