लांबच्या ओळखीतले

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भावोजी गेल्याचं तुझं पत्र काल कारखान्यात हाती पडलं. काय लिहू? दोनदा कागद फाडला. मी येतोय, पण सोळा तारखेआधी सुटका नाही आणि रजाही दोनच दिवसांची मिळाली आहे. माल पाठवायची घाई चालली आहे.

मित्रांना सांगून झालं. जेवणाच्या सुट्टीत लंबू आणि चष्मेवाला होते. लंबू म्हणाला, जा, दोन दिवस सहल होईल. तो मूळचाच वाह्यात, मनाला लावून घेऊ नकोस.

छातीचं औषध चुकवू नकोस. शेजारच्या काकू सोबतीला असतात ना? लोभ आहे तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
धाकटा


दि. ८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

दोन दिवस तर दोन दिवस, तू येतोयस हेच खूप. पण सहलीचं वाचून चमकले. तू पहिल्यापासून मुखदुर्बळ, नीट सांगितलं नसशील. फोरमनला स्पष्ट सांग, की आईबाप गेल्यावर ज्यांनी नऊ वर्षं घरात ठेवून घेतलं, जिन्याखालच्या त्या टीचभर दुकानात हाती कानस देऊन लोखंड घासायला शिकवलं, ते गेले. तोही माणूसच आहे, नाही म्हणणार नाही.

ह्यांना तर तुझं कोण कौतुक! किल्ली करायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, माझा मेहुणा मोठ्या कारखान्यात आहे, केसाएवढा फरक बोटाने ओळखतो. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ऐकल्याशिवाय किल्ली मिळायची नाही. शेवटी शेवटी हात थरथरायचा, तरी काकूंचं अडकलेलं कपाट उघडून दिलं आणि पोरासारखे खूश झाले.

दुकान बंदच आहे. आत जायचा मला धीर होत नाही. तू आलास की बघू.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती वेगळी काय लिहू.

तुझी
ताई


दि. १२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मुखदुर्बळ नाही, ताई. खोटारडा आहे.

इथे लागलो तेव्हा सगळे विचारायचे, असा हात कुठे बसला? मी एका मोठ्या शिक्षणसंस्थेचं नाव ठोकून दिलं. जिन्याखाली बसणाऱ्या किल्लीवाल्याचं नाव घ्यायला जीभ वळेना. चार वर्षांपूर्वी भावोजी मला भेटायला फाटकाशी आले होते, आठवतं? लंबूने विचारलं, हे कोण. मी म्हणालो, लांबच्या ओळखीतले आहेत. भावोजी दोन हातांवर उभे होते. त्यांनी माझ्या हाती तू दिलेला डबा ठेवला, बस पकडायची आहे म्हणाले आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही.

म्हणून या वेळीही सगळ्यांना सांगितलं, लांबच्या ओळखीतलं कुणी गेलं. तेवढ्यासाठी दोन दिवस म्हणजे पुष्कळच.

तुझं पत्र वाचून काल सगळ्यांसमोर खरं सांगितलं. लंबूचा घास हातातच राहिला. त्याने एकच विचारलं, त्यांना ऐकू गेलं होतं का? मी मानेनेच हो म्हटलं. फोरमनने महिन्याची रजा लिहून दिली, माझ्याकडे न बघता. संध्याकाळी दोघं मित्र खोलीवर आले. लंबू सहलीच्या बोलण्याबद्दल हात जोडत होता. अपराध माझा आणि माफी तो मागत होता. त्याच्या नजरेला नजर देववेना.

आता तुझ्या दारात कोणत्या तोंडाने उभा राहू? नको म्हणालीस तरी समजून घेईन. लोभ ठेव असं लिहायचाही हक्क उरला नाही.

धाकटा


दि. १४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र काकूंच्या मुलाबरोबर पाठवते आहे, म्हणजे निघण्याआधी हाती पडेल.

राग आला. फार आला. तुझ्याकडून परत आले तेव्हा हे मला एवढंच म्हणाले होते, की पोराचं छान चाललंय, कामाच्या गर्दीत बोलता आलं नाही. मग दोन दिवस दुकान उघडलं नाही. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

पण तुला बोल लावणारी मी कोण? नवीन लग्न झालं तेव्हा मैत्रिणींना मी सांगितलं होतं, ह्यांचं लोखंडी सामानाचं मोठं दुकान आहे. एकदा त्या मैत्रिणींबरोबर जाताना हे समोरून आले, हातात किल्ल्यांचा जुडगा. मला बघून हसले. मी न बघितल्यासारखं करून रस्ता ओलांडला. घरी आल्यावर मी वाट बघत होते, आता बोलतील. त्यांनी विचारलं, ऊन लागलं नाही ना?

एकतीस वर्षं झाली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

हल्ली रोज बायका येतात. म्हणतात, नवऱ्याला फुलासारखं जपलंस हो. मी मान डोलावते आणि आत जाऊन बसते. तू ये. माझी समजूत काढू नकोस, मीही तुझी काढणार नाही. नुसता समोर बस. ज्याच्यापुढे खाली मान घालून बसता येईल, असं एक माणूस मला घरात हवं आहे.

तुझी
ताई